बोटीत किती जण हे रंगवलंत, आता कोण कुठे बसणार तेही रंगवा

प्रति,
महाराष्ट्र सागरी मंडळाचे अधिकारी, सर्वेक्षक आणि बंदर निरीक्षक,
तसेच मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले आणि किनाऱ्यावरच्या जलपर्यटन बोटींचे मालक, तांडेल, खलाशी मंडळी

विषय: लहान मोटारबोटीतली वजनाची मांडणी

स. न. वि. वि.

फायबरच्या बोटी बांधणं, त्यांना मशीन बसवणं आणि त्या चालवणं हे आम्हा पत्र लिहिणाऱ्यांचं रोजचं काम आहे. बोटीच्या कुशीवर, म्हणजे बाहेरच्या अंगावर, तेलरंगात ‘प्रवासी ८, कर्मचारी २’ असा आकडा असतो. तपासणी करणारा तो बघतो, बोट चालवणारा तांडेल तिकिटाच्या वेळी तो बघतो, आणि आकड्याच्या आत असलो म्हणजे सगळं ठीक, असा समज रूढ झाला आहे. आमचं म्हणणं एवढंच की तो आकडा अर्धाच आहे. तेच दहा जण त्याच बोटीत एका तऱ्हेने बसले तर बोट निमूट चालते, दुसऱ्या तऱ्हेने बसले तर सुकाणू ऐकत नाही, आणि तिसऱ्या तऱ्हेने उभे राहिले तर उलटते.

हे आपल्या देशात लोकांनी जीव देऊन सिद्ध केलं आहे. केरळात थेक्कडीला ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट उलटून ४५ जण बुडाले. काठावर जनावरं दिसली म्हणून प्रवासी एका अंगाला सरकले आणि बोट कलली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. ७ मे २०२३ रोजी तानूरला २२ जण गेले. ती मासेमारीची बोट होती, तिच्यावर वरचा मजला चढवला होता आणि माणसं भरमसाट भरली होती. आपल्याकडे २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट किनारा दिसत असताना उलटली आणि दोन पर्यटक दगावले. प्रत्येक वेळी चर्चा लाईफ जॅकेटची आणि प्रवासीसंख्येची झाली. दोन्ही महत्त्वाचीच आहेत, पण जॅकेटचं काम बोट उलटल्यावर सुरू होतं.

म्हणून आधी हिशेब मांडतो. ढोबळ आहे, पण आपल्याकडच्या बोटींच्या जवळचा आहे.

१९ फूट लांब आणि ६ फूट रुंद अशी उघडी फायबरची बोट घ्या. मोकळं बूड साडेचारशे किलो, ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक मशीन ७५ किलो, ४० लिटर पेट्रोल ३० किलो (पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं), नांगर, साखळी, बॅटरी, दोर, जॅकेटं मिळून ४५ किलो. झाले ६०० किलो. त्यात ७० किलोचा एक असे दहा जण, म्हणजे ७०० किलो. माणसं बोटीपेक्षा जड झाली. ट्रकमध्ये किंवा मोठ्या लाँचमध्ये असं होत नाही, लहान बोटीत होतं. आणि हे वजन बांधून ठेवलेलं नसतं. ते उठतं, वाकतं, सेल्फी काढतं.

अशी भरलेली बोट पाण्यावर टेकते तिथे रुंदी साधारण १.६ मीटर असते आणि काठ पाण्यापासून ४० सेंटीमीटर वर राहतो. सगळे बसलेले असताना तिची कलल्यावर परत सरळ होण्याची ताकद, जिला बोटबांधणीत मेटासेंट्रिक उंची म्हणतात, अर्ध्या मीटरच्या आसपास येते. आता डाव्या फळीवरचे तिघे उठून एक मीटर पलीकडे, उजवीकडे जाऊन बसले. २१० किलो एक मीटर सरकलं. बोट सुमारे १८ अंश कलते आणि उजवा काठ २९ सेंटीमीटर खाली जातो. पाण्याला आत यायला उरले ११ सेंटीमीटर. घाबरायला होतं, पण पाणी आत येत नाही.

हेच तिघे सरकले आणि त्याच वेळी बोटीतले सगळे उभे राहिले तर? बसलेला माणूस उभा राहिला की त्याच्या वजनाचा मध्य साधारण ३० सेंटीमीटर वर जातो. दहा जण उठले की सगळ्या बोटीचा गुरुत्वमध्य १६ सेंटीमीटर चढतो आणि सरळ होण्याची ताकद एक तृतीयांशाने घटते. आता तेच तीन जण बोटीला २५ अंशांवर नेतात आणि काठ ४३ सेंटीमीटर खाली जातो. काठ होता ४० वर. लाट नाही, वारा नाही, एकही प्रवासी जादा नाही, आणि काठावरून पाणी आत.

आता हे डॉल्फिनच्या बोटीत कसं घडतं ते पाहा. बोट चांगल्या वेगात आहे. पुढच्या फळीवरून कोणीतरी ओरडतो, “तो बघ, तो बघ!” तांडेल प्रवाशांना खूश करायला वेगाची मूठ एकदम मागे घेतो. वेगात बोटीच्या बुडाखाली जे पाणी तिला उचलून धरत होतं तो आधार एका क्षणात जातो आणि बोट पाण्यात बसते. मागून येणारी तिचीच लाट तिला गाठते, ट्रान्समवर, म्हणजे मशीन टांगलेल्या मागच्या उभ्या फळीवर, चढते आणि मागची बाजू उचलते. नेमक्या त्याच वेळी आठही प्रवासी उभे राहून उजव्या काठावर वाकलेले असतात, दोघे फळीवर चढलेले असतात. गती गेली म्हणून सुकाणूही गेलेलं असतं. आउटबोर्डला, म्हणजे मागे टांगलेल्या मशीनला, वेगळं सुकाणू नसतं, त्याच्या पंख्याने फेकलेलं पाणी हेच सुकाणू. त्यामुळे नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, हळूहळू वळते आणि बोट लाटेला आडवी होते. या सगळ्याला पंधरा-वीस सेकंद पुरतात. यातली कुठलीही एक गोष्ट बोट सहज सोसते. चारही एकदम आल्या तर ती सोसेलच असं आम्ही म्हणणार नाही.

उपाय अवघड नाही, फक्त क्रम बदलायचा. तांडेलाने आधी तोंडाने सांगायचं, “कोणी उठायचं नाही, बोट फिरवतो, दोन्ही बाजूंना दिसेल.” मग मूठ टप्प्याटप्प्याने, आठ-दहा सेकंद घेत कमी करायची, म्हणजे मागची लाट विरते. पंखा फिरता ठेवायचा, निदान सावकाश पुढच्या गिअरमध्ये, म्हणजे नाळ लाटेकडे धरता येते. डॉल्फिन नाळेच्या एका अंगाला ४५ अंशांवर येतील अशी बोट ठेवली तर दोन्हीकडच्या लोकांना बसल्या जागी दिसतं. खलाशाने मागे मशीनपाशी बसून मोबाईल बघायचा नसतो, त्याने मधल्या फळीपाशी लोकांकडे तोंड करून राहायचं. डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून पैसे परत मागणारा प्रवासी परवडला.

आडव्या वजनाबद्दल आपल्या लोकांना एक जुनी सवयही नडते. उलांडीच्या होडीवर वाढलेला तांडेल काठावर सहज पाय देतो, कारण पलीकडे उलांडी, म्हणजे बाजूला बांधलेला तरंगता ओंडका, पाणी धरून असते आणि चुका पोटात घालते. फायबरच्या बोटीला ती नाही. सपाट बुडाची फायबर सुरुवातीला घट्ट वाटते, दहा-बारा अंशांपर्यंत हलत नाही आणि मग एकदम जाते. व्ही आकाराच्या बुडाची उलट: जेटीला पाय ठेवताच डुलते, पण पुढे हळूहळू घट्ट होते. बदली तांडेलाला बोट देताना तिचं बूड कोणतं आणि ती कुठपर्यंत सांगून कलते, हे मालकाने सांगायला हवं.

आता पुढे-मागे.

तेच तिघे मागच्या फळीवरून उठून तीन मीटर पुढे नाळेत गेले तर नाळ साधारण १७ सेंटीमीटर दबते आणि मागची बाजू तेवढीच उचलली जाते. ४० अश्वशक्तीच्या मशीनला पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती पाण्यावरची हवा पंख्याकडे ओढली जाऊ नये म्हणून असते. मागची बाजू १७ सेंटीमीटर उठली आणि वरून लाटेचा खळगा आला की ती पट्टी उघडी पडते, पंखा हवा ओढतो, मशीन एकदम किंचाळतं आणि बोट पुढे जात नाही. तांडेल मूठ आणखी पिळतो, त्याने आणखी हवा शिरते. त्या वेळी मूठ कमी करायची असते, म्हणजे पंखा पुन्हा पाणी धरतो. नाळ दबल्याचा दुसरा परिणाम वळताना दिसतो. पाण्यात खोल गेलेली नाळ स्वतःच सुकाणू होऊन बसते. थोडं वळवायला जावं तर बोट जास्त वळते आणि परत सरळ करायला जावं तर उशिरा ऐकते.

हे सगळ्यात घातक ठरतं ते खाडीच्या तोंडावर. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा आहे आणि ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी पश्चिमेच्या लाटेला भिडलं की लाट उभी राहून फुटते. आत येताना लाटा मागून येतात. नाळेत माणसं असतील तर बोट लाटेवरून उतरताना नाळ पुढच्या खळग्यात रुतते, मागची बाजू लाट ढकलत राहते आणि बोट नाळेवर गरकन फिरून आडवी होते. पुढची लाट मग तिला उलटवते. म्हणून दांडा ओलांडून आत येताना पुढची फळी रिकामी, लोक मधल्या फळीवर आणि तिच्या मागे, पण सगळे ट्रान्समला टेकून नाहीत. मागचा काठ फार दबला तर मागून येणारी लाट थेट आत उतरते. बोट लाटेच्या पाठीवर ठेवायची, तिला ओलांडून पुढे पळायचं नाही आणि तिच्यापुढे रेंगाळायचंही नाही. बाहेर जाताना उलट: थोडं वजन मध्याच्या पुढे चालतं, नाहीतर नाळ प्रत्येक लाटेवर आभाळाकडे उडते आणि आपटते. मात्र ‘थोडं’ म्हणजे दोन माणसं. भरलेली पुढची फळी घेऊन निघालेली बोट लाटेतून जाते, लाटेवरून जात नाही. आणि ही अदलाबदल दांड्याच्या अलीकडे शांत पाण्यात थांबून करायची. फुटत्या लाटेत लोकांना उठवून जागा बदलायला लावणं हे मूळ दुखण्यापेक्षा वाईट औषध आहे.

मागे वजन जास्त झालं की दुखणं वेगळं, रोजचं आणि पैसे खाणारं. आपल्या बऱ्याच बोटींत मशीन, दोन टाक्या, बॅटरी, नांगर, तांडेल आणि खलाशी हे सगळं शेवटच्या दीड मीटरमध्ये असतं. अशी बोट पाण्यावर चढतच नाही, म्हणजे वेगात उचलून पाण्यावरून घसरत नाही. नाळ वर, मागची बाजू खाली, तांडेलाला पुढचं दिसत नाही, पाठीमागे डोंगराएवढी लाट आणि पेट्रोल दीडपट. मालकाला वाटतं मशीन कमी पडतंय, तो मोठं मशीन आणतो, ते आणखी जड असतं. बोट पाण्यावर चढली तरी नाळ तालात वरखाली आपटत राहते. हे आपटणं मशीनचं तोंड बाहेर जास्त काढल्यानेही होतं. म्हणून आधी मशीन नेहमीच्या वजनासह बोट पाण्यात असताना ट्रान्समकडे एक भोक आत घ्या (टिल्टच्या पिनेची भोकं असतात ती त्यासाठीच), आणि फरक पडला नाही तर वजन पुढे न्या. शंभर अँपिअर-अवरची बॅटरी पंचवीस-तीस किलोची असते. ती आणि एक टाकी दोन मीटर पुढे, मधल्या फळीखाली नेली की बहुतेक बोटी सुधारतात.

नेताना दोन गोष्टी. पेट्रोलची नळी तीन मीटरच्या वर गेली तर आतला व्यास ८ ऐवजी १० मिलिमीटर घ्या, नाहीतर पूर्ण मुठीवर मशीनला पेट्रोल कमी पडून ते दम टाकतं आणि दोष कार्ब्युरेटरला लागतो. बॅटरीची वायर लांबली की जाड घ्यावी लागते, आणि बॅटरी पेटीत, पट्ट्याने बांधून, टाकीपासून दूर. पेट्रोलच्या नळीवरच्या पंप फुग्याचा बाण मशीनकडे आणि फुगा उभा. सुटी टाकी असेल तर ती बांधा. न बांधलेली भरलेली टाकी वळणावर सरकते आणि बोट ज्या बाजूला आधीच कललेली असते त्याच बाजूला जाते.

जुन्या टू-स्ट्रोकच्या जागी फोर-स्ट्रोक बसवणाऱ्यांनी हे वाचावंच. ४० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक शंभर किलोच्या आसपास भरतं, म्हणजे पंचवीस किलो जादा, आणि तेही बोटीच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथे किलोचा परिणाम सर्वांत मोठा. मशीनच्या खाचेतलं पाणी बाहेर जावं म्हणून ठेवलेली भोकं आधी पाण्याच्या दोन बोटं वर असतात, ती आता पाण्याखाली जातात. चालत्या बोटीत कळत नाही. बोट थांबली, दोघे मागे आले, की तीच भोकं उलटी वाहू लागतात. मशीन बदलल्यावर बोट पूर्ण भरून उभी करा आणि ही भोकं बघा. पाण्याखाली असतील तर एकतर्फी झडप लावा आणि बॅटरी-टाकी पुढे न्या. नव्या मशीनच्या पायाची लांबीही मोजा. ट्रान्समची उंची १५ इंच की २० इंच हे न बघता लांब पायाचं मशीन आखूड ट्रान्समवर बसवलेलं अजून दिसतं. वजन कितीही नीट मांडलं तरी ते पाणी उडवणारच. पंख्यावरची ती आडवी हवा-पट्टी बुडाच्या कण्याच्या रेषेत किंवा फार तर एक इंच वर, हा अंदाज बहुतेक ठिकाणी बरोबर येतो.

रिकामी बोट हे दुसरं टोक. प्रवासी सोडून एकटा तांडेल मागे बसून ४० अश्वशक्तीची मूठ पूर्ण पिळत जेटीकडे परत येतो, तेव्हा नाळ इतकी वर असते की समोरचा वारा तिच्याखाली शिरतो. वाऱ्याचा झोत आणि लाट एकत्र आली तर बोट मागच्या मागे पालथी होऊ शकते, आणि तांडेल पंख्याच्या बाजूला पडतो. यावर वीस-वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन नाळेत बांधून ठेवणं हा सोपा उपाय आहे. वाळूची पोती नकोत. बोटीत पाणी भरलं तर वाळू बोटीला खाली ओढते, पाण्यातलं पाणी ओढत नाही, आणि प्रवासी आले की ते ओतून टाकता येतं. एकटं असताना लाल दोरी, म्हणजे मशीन बंद करणारी दोरी, मनगटाला किंवा पायाला अडकवलेली हवीच. ती मशीनवरच गुंडाळून ठेवलेली दिसते, ती तिथे कशासाठी असते कोण जाणे.

न दिसणारं वजन म्हणजे बोटीत साचलेलं पाणी. तीन मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद तळावर पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे २१० लिटर, २१० किलो, तीन माणसं. आणि ही तीन माणसं सांगितलेलं ऐकत नाहीत. परातीत पाणी घेऊन चालणाऱ्याला ते कसं धावतं ते माहीत असतं. बोट ज्या बाजूला कलेल त्या बाजूला ते आधी पोचतं आणि तिला तिथेच धरून ठेवतं. तळावर वरची फळी असेल तर हे पाणी दिसतही नाही. नव्या बोटीत तळाखाली मधोमध लांबीच्या दिशेने एक आडभिंत घातली की पाण्याच्या या धावण्याचा त्रास चौथाईवर येतो. खर्च किरकोळ आहे. जुन्या बोटीत निदान झाकण करा, जिथून हात घालून पाणी बघता येईल, आणि प्रत्येक फेरीच्या आधी उपसा.

याच जातीचं दुसरं छुपं वजन म्हणजे पाणी प्यायलेला फोम. बोट बुडू नये म्हणून पोकळीत भरलेला फोम, वरचा थर तडकला की वर्षानुवर्षं पाणी शोषतो. बोट दिसायला तीच, पण शंभर किलो जड, आणि ते पाणी बहुधा एकाच बाजूला. हंगामाआधी बोट क्रेनने किंवा चेनब्लॉकने उचलतच असाल तर मध्ये लटकता काटा लावा आणि बांधणाऱ्याने दिलेल्या वजनाशी ताडून बघा. फरक दहा टक्क्यांच्या वर असेल तर पोकळी उघडून बघावी लागेल. रंग मारून तो जात नाही.

बोट एका बाजूला ओढते ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते आणि लोक लगेच पंख्यावरची छोटी पात फिरवायला सांगतात. आधी उभ्या बोटीचा कल मोजा. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घ्या, दोन्ही टोकं दोन्ही काठांवर धरा, पाण्याची पातळी काठापासून किती खाली ते दोन्हीकडे मोजा. दोन सेंटीमीटरच्या वर फरक असेल तर वजन सरकवा. उजवीकडे फिरणारा पंखा बोटीला डावीकडे दाबतो, म्हणून हातमुठीचं मशीन असलेल्या लहान बोटीत तांडेल उजवीकडे बसलेला बरा. एवढं करूनही ओढ राहिली तर मग पात: बोट ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला पातीचं मागचं टोक थोडं फिरवायचं, बोट चालवून बघायची, पुन्हा थोडं.

स्कूबावाल्यांसाठी थोडंच. भरलेला अॅल्युमिनियमचा सिलिंडर सोळा-सतरा किलो. दहा सिलिंडर एकाच कुशीला ओळीने ठेवले की तिथे दोन माणसं कायमची बसली. ते मधोमध, आडवे, अडकण लावून ठेवा. साधनांसह शिडीवरून चढणारा माणूस शंभर किलोच्या घरात जातो आणि तो काठाच्या बाहेर लटकलेला असतो. त्याला मदत करायला आतले तिघे त्याच काठावर वाकले की वरचा हिशेब पुन्हा लागू होतो. पाण्यातल्याने आधी वजनाचा पट्टा आणि सिलिंडर काढून द्यावा, एकाने घ्यावा, बाकीच्यांनी पलीकडे बसावं.

चढणं-उतरणं. मालवणच्या जेटीवर किल्ल्याच्या फेरीला लोक धावत येतात आणि जो आधी येतो तो नाळेत जागा पकडतो, कारण तिथून फोटो चांगला येतो. भरायचं ते मधल्या फळीपासून: एक डावीकडे, एक उजवीकडे, मग मागची फळी, शेवटी पुढची. जाड माणसं मध्ये. हे सांगायला तांडेल लाजतो, म्हणून खलाशाने “काका, तुम्ही इथे या, मध्ये, इथे पाणी उडत नाही” असं म्हणावं, खोटंही नाही ते. मुलं मोठ्यांच्या मध्ये, नाळेत नाहीत. वाळूवर उतरवताना नाळ टेकली की सगळे एकदम पुढे येतात, मागची बाजू हलकी होऊन तरंगते आणि पहिली लाट तिला आडवी करते. एकेक फळी उतरवा, पुढची आधी, म्हणजे नाळ हलकी होत जाईल. बाकीचे आपल्या जागी बसून राहतील. लाट असेल तर मागून नांगर टाकून दोर ताणलेला ठेवा.

आता मंडळाच्या अधिकाऱ्यांना आमची मागणी.

वार्षिक तपासणीत बोट उभ्याने बघितली जाते, साधनं मोजली जातात. त्यात कलचाचणी आणा. हिला यंत्रं लागत नाहीत. वीस लिटरचे पाण्याने भरलेले कॅन, शांत पाणी, आणि एक मीटर दोरीचा ओळंबा पुरतो. माणशी ७५ किलो धरा. आंतरराष्ट्रीय हिशेबात तोच आकडा आहे, आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तर २०११ पासून माणशी १८५ पौंड, म्हणजे ८४ किलो धरायला सुरुवात केली. दहा जणांसाठी साडेसातशे किलो, म्हणजे ३७-३८ कॅन. टाकी भरलेली, मशीन जागेवर, बांधलेले दोर सैल. कॅन फळ्यांवरच ठेवायचे, तळावर नाहीत. तळावर ठेवलेलं वजन बोटीला घट्ट करतं आणि चाचणी खोटी पास होते. नाळ, दोन्ही काठ आणि ट्रान्सम इथली पाण्यापासूनची उंची लिहून घ्या. मग एका बाजूचे कॅन दुसऱ्या बाजूला न्या आणि ओळंबा बघा. एक मीटरच्या दोरीवर तो २५ सेंटीमीटर सरकला म्हणजे १४ अंश. अमेरिकेत लहान प्रवासी बोटींच्या साध्या चाचणीत कलाची कमाल मर्यादा हीच आहे. कॅन दुसऱ्या बाजूला नेतानाच काठ पाण्याला टेकायला आला तर थांबा, बोट नापास.

वरच्या हिशेबातली बोट, तिघांच्या सरकण्याने १८ अंश कलणारी, या चाचणीत नापास होते, आणि व्हायलाच हवी. अमेरिकेत वीस फुटांखालच्या बोटीला एक साधं सूत्र लावतात: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले पंधरा. १९ गुणिले ६, म्हणजे ११४, भागिले १५: ७.६. सात, फार तर आठ जण, आणि त्यात चालवणाराही आला. तिच्या कुशीवर ‘८ अधिक २’ लिहिलेलं असेल तर दोघे कमी करावे लागतील. हे बोलल्यावर मालक मंडळी आमच्यावर चिडणार, याची कल्पना आहे. दोन तिकिटं प्रत्येक फेरीला जातात. पण कॅन मधोमध सरकवून, फळ्या आत घेऊन आणि फळीवर चढण्याची जागाच न ठेवता पुन्हा चाचणी द्या. काही बोटी त्यात पास होतील, कारण काठाला टेकून बसता न येणाऱ्या फळ्या असल्या की वजन सरकायला जागा कमी राहते.

चाचणी झाली की कुशीवर तीन आकडे रंगवा: माणसं, माणसं-सामान मिळून किलो, आणि मशीनचं कमाल वजन. अश्वशक्तीचा आकडा वेगळा असतोच, वजनाचा नसतो. प्रत्येक फळीवर किती जण ते फळीवरच रंगवा. पर्यटकाला तेच वाचता येतं, परवाना तो बघत नाही. नाळेवर आणि ट्रान्समच्या दोन्ही कडांवर पूर्ण भरलेल्या बोटीची पाणरेषा लाल पट्टीने आखा. जेटीवर उभ्या असलेल्या निरीक्षकाला पट्टी पाण्याखाली आहे की वर, डावी-उजवी सारखी आहे की नाही, हे बोटीत न उतरता कळेल. मशीन बदललं, छत चढवलं किंवा टाकी हलवली तर चाचणी नव्याने. छताबद्दल: त्यावर जॅकेटं, पाण्याचे बॉक्स, पिशव्या ठेवायला बंदी घाला. तिथला एक किलो तळावरच्या किलोसारखा नसतो.

तांडेलांच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस याला द्या. वर्गात फळ्यावर नको. एक बोट, आठ माणसं, गुडघाभर नव्हे तर छातीभर शांत पाणी, सगळ्यांना जॅकेटं. एकदा बसून सरकायचं, एकदा उभं राहून, एकदा तळात शंभर लिटर पाणी घालून. तिन्ही वेळा ओळंबा वाचायचा. चाचणीसाठी लागणारे कॅन, लटकता काटा आणि ओळंबा आमच्याकडे आहेत. मालवण जेटीवर भरती भरून पाणी थांबल्यावर, सकाळच्या वेळी, पहिल्या पाच बोटींची चाचणी आम्ही मोबदला न घेता करून द्यायला तयार आहोत. मंडळाने सर्वेक्षक पाठवावा आणि मालकांनी बोटी आणाव्यात. टाक्या भरून आणा.

आपले,
फायबर बोटी बांधणारे, मशीन दुरुस्त करणारे आणि तांडेलकी करणारे आम्ही काही जण,
मालवण-देवबाग